शाळेची घंटा आणि वाढत्या मुलांची झोप

"आमचा पोरगा अगदी कोंबड्याबरोबर उठायचा. पण चौदावं लागलं आणि काय झालं कुणास ठाऊक. रात्री अकरा वाजले तरी डोळ्याला डोळा नाही, आणि सकाळी हाका मारून घसा बसला तरी हा कूस बदलून पुन्हा झोपतो. आळशी झाला हो!" ही तक्रार आपण कुठे ना कुठे ऐकलेली असणार. शाळेतल्या गुरुजींची तक्रार याच्याच पुढची. पहिल्या तासाला मागच्या दोन बाकांवरची मुले डुलतात, नाव घेऊन विचारले तर दचकून उभी राहतात आणि भलतेच उत्तर देतात.

आज मला या 'आळशी' शब्दाबद्दल बोलायचे आहे. हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या माणसाला चिकटतो.

आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या शिरा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेच आपल्या शरीराचे घड्याळ. दिवसाचा उजेड डोळ्यांवाटे तिथे पोचतो आणि त्यावरून ते घड्याळ रोज लावले जाते. संध्याकाळी अंधार पडला की त्याच्या सांगण्यावरून मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडू लागते. हे द्रव्य म्हणजे गावातला दवंडीवाला समजा. रात्र झाली, आता आवराआवर करा, अशी दवंडी ते सगळ्या शरीरात पिटते. मग तास-दोन तासांत झोप येते. या घड्याळाची आतली यंत्रे पेशीत कशी चालतात, हे शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे काम होते फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांवर! माणसापासून चिलटापर्यंत प्रत्येकाला हे घड्याळ आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. मूल वयात येऊ लागले, की ही दवंडी उशिरा पिटली जाऊ लागते. कुणाची तासभर उशिरा, कुणाची दोन तासही. शिवाय दिवसभराच्या जागरणाने झोपेचा जो भार साठत जातो, तोही या वयात सावकाश साठतो. लहान मूल रात्री आठलाच पेंगते, घास हातात घेऊन झोपते. तेच मूल पंधराव्या वर्षी दहा वाजता टक्क जागे असते. हा हट्ट नव्हे, नाटकही नव्हे. माकडांच्या आणि उंदरांच्या वयात येणाऱ्या पिल्लांतही असा फरक आढळला आहे, आणि त्यांच्या हातात तर कुणी मोबाईल दिलेला नाही. मुलींमध्ये हा बदल मुलांपेक्षा आधी सुरू होतो. साधारण विशीपर्यंत घड्याळ असे पुढे पुढे सरकते, आणि मग हळूहळू पुन्हा मागे येते. म्हातारपणी आजोबा पहाटे चारला जागे होतात आणि नातू आठला. दोघेही आपापल्या घड्याळाप्रमाणे वागत असतात. फक्त आजोबांना वाटते की आपले घड्याळ तेवढे सद्गुणी.

बरे, झोप उशिरा येते म्हणून कमी लागते का? तर नाही. मेरी कार्स्कॅडन नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेत १९७०च्या दशकात दर उन्हाळ्यात मुलांचे झोपेचे शिबिर भरवले. तीच मुले दरवर्षी येत. रात्री दहा ते सकाळी आठ अंथरुणात राहायचे, आणि किती झोप लागते हे यंत्राने मोजायचे. मुले मोठी होतील तशी झोप कमी होत जाईल, असाच सगळ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दहा वर्षांच्या मुलाला लागली तेवढीच, म्हणजे सव्वानऊ तासांच्या आसपास झोप सोळा वर्षांच्या मुलालाही लागली. आज डॉक्टर मंडळी तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप सांगतात. याच बाईंनी पुढे १९९८ साली, सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी भरणाऱ्या शाळेतली दहावीची मुले तपासली. सकाळी साडेआठला त्यांना निजायला सांगितले, तर जवळजवळ निम्मी मुले काही मिनिटांत थेट स्वप्नांच्या झोपेत शिरली. ही झोप एरवी पहाटेची असते. म्हणजे शरीर बाकावर बसलेले आणि मेंदूत अजून पहाट. गुरुजी, तुमच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर काय चाललेले असते, याचा यावरून अंदाज करा.

आता आपल्या इकडे या. सकाळी सातची शाळा म्हणतो तेव्हा ते सात कुणाचे, हा प्रश्न आपण विचारतच नाही. भारतीय प्रमाणवेळ ठरवली आहे ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर. मुंबई त्याच्या पुष्कळ पश्चिमेला. म्हणून मुंबईचा सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटे मागे असतो. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे मुंबईकरांनी आपली जुनी 'मुंबई वेळ' सोडली नव्हती. ती बरोबर एवढ्याच मिनिटांनी मागे होती. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, कोल्हापुराकडे सात वाजून गेल्यावर, आणि नागपूरला सातच्या आधीच. घंटा मात्र सगळीकडे तीच.

हिशेब करून पाहा. कोकणातली एखादी मुलगी सातची शाळा गाठायला साडेपाचला उठते. सूर्याच्या हिशेबाने तेव्हा पाच वाजायलाही नऊ मिनिटे कमी असतात. त्यात तिच्या वयाचे घड्याळ आणखी तास-दीड तास मागे. म्हणजे तिच्या शरीराला विचाराल तर ते सांगेल, रात्रीचे साडेतीन वाजलेत, मला का उठवता? तिची आई तिला रोज रात्री साडेतीनला उठवत असते, आणि आईला वाटते आपण साडेपाचला उठवले.

मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या देशातल्या मुलांचा यावरून अभ्यास केला आहे. जिथे सूर्य उशिरा मावळतो तिथे मुले उशिरा झोपतात. पण शाळेची वेळ तर बदलत नाही. त्यामुळे सूर्यास्त तासभर उशिरा, तर मुलांची झोप अर्ध्या तासाच्या आसपास कमी. अशा भागात मुलांचे शिक्षणही कमी होते, असे त्यांना दिसले. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण देशाच्या पश्चिम टोकाशी आहेत, हे ध्यानात ठेवा.

महाराष्ट्र शासनाने या प्रश्नात काही केलेच नाही असे नाही. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हेच कारण. निर्णय चांगला, त्याबद्दल वाद नाही. पण तो चौथीला येऊन थांबला. आणि लहान मूल तर मुळात लवकर झोपून लवकर उठणारे! ज्याला सकाळची सर्वांत अधिक अडचण, तो आठवी-नववीतला मुलगा या निर्णयाच्या बाहेर राहिला. जिथे इमारत एक आणि पाळ्या दोन, तिथे काय होणार ते उघड आहे. लहान वर्ग नऊनंतर बसवायचे म्हटले, की मोठ्यांचे वर्ग सातला जायचे. एकाची झोप काढून दुसऱ्याला द्यावी, असला हा प्रकार.

खेड्यातल्या शाळेची गोष्ट थोडी वेगळी, आणि चांगली. आपल्या बहुतेक खेड्यांत शाळा साडेदहा-अकराला भरून पाचला सुटते. ही जुनी पद्धत मुलांच्या झोपेला फार सोयीची आहे. शहरात सात वाजता शाळा भरते म्हणून आपणही तसे करावे, अशी कल्पना कुणी काढली तर गावाने जरा विचार करावा. पण मूळ शाळा अकराची असली तरी पहाट भलत्याच वाटांनी घरात शिरते. दहावीचे जादा तास सातला. तालुक्याची शिकवणी सहाला. अकरावी-बारावीचे कॉलेज सकाळचे. आणि ते गाठायला गावात एकच साधन, मुक्कामी एसटी. ती पहाटे निघाली की निघाली. मग मुलाचा दिवस शाळेच्या घंटेने सुरू होत नाही, ड्रायव्हरच्या हॉर्नने सुरू होतो.

उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेला मी नाव ठेवणार नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या उन्हात दुपारी वर्गात मुले बसवणे हा गुन्हाच होईल. शिवाय तेव्हा सूर्यही सहाच्या सुमाराला वर आलेला असतो. मेचे सात आणि जानेवारीचे सात हे एक नव्हेत. माझे भांडण जानेवारीच्या सातशी आहे.

यावर कुणी म्हणेल, शाळा उशिरा केली तर पोरे रात्री आणखी उशिरा झोपतील, फायदा काय? शंका रास्त आहे. म्हणून अमेरिकेतल्या सिएटल शहरात काय झाले ते सांगतो. तिथे २०१६ साली मोठ्या मुलांच्या शाळांची वेळ ७ वाजून ५० मिनिटांवरून पाऊणे नऊ केली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन शाळांतल्या दहावीच्या मुलांच्या मनगटावर झोप मोजणारी यंत्रे बांधली; बदलाच्या आधीच्या मुलांना आणि नंतरच्या मुलांनाही. रात्री निजण्याची वेळ जवळजवळ तीच राहिली, सकाळी मात्र मुले उशिरा उठली. रोज ३४ मिनिटे झोप वाढली. आणि त्या दोन शाळांपैकी एका शाळेत गरिबांची मुले जास्त होती. तिथली गैरहजेरी आणि उशिरा येणे कमी होऊन जवळजवळ दुसऱ्या शाळेइतके झाले. मला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. श्रीमंताच्या मुलाला मोटारीने सोडणारे कुणीतरी असते. गरिबाच्या मुलाची बस चुकली, तर त्याचा दिवस बुडतो.

कॅलिफोर्निया राज्याने तर २०१९ साली कायदाच केला आणि १ जुलै २०२२ पासून लागू केला. माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवायच्या नाहीत. पण त्यातून ग्रामीण भागातल्या शाळांना सूट दिली आहे. म्हणजे खेड्यांतल्या मुलांची सोय मागाहून पाहू, हे तिथेही आहेच.

आता वडीलधारी मंडळी म्हणतील, "आम्ही नाही का पहाटे उठत होतो? लवकर निजायचं, लवकर उठायचं, हे आमच्या हाडीमासी होतं." खरे आहे. पण त्या वाक्यातला पहिला अर्धा भाग विसरू नका. तेव्हा दिवा मालवला की घर काळोखात बुडत असे. कंदिलाचे रॉकेल मोजून वापरायचे, आणि नऊ म्हणजे मध्यरात्र. आज खोलीत झगझगीत दिवा, टीव्ही, आणि डोळ्यांपासून वीतभर अंतरावर मोबाईलचा पडदा. शरीराच्या घड्याळाला वाटते अजून दिवसच आहे, आणि दवंडीवाला घरीच बसतो. २०१३ साली कोलोरॅडोच्या शास्त्रज्ञांनी आठ प्रौढ माणसांना आठवडाभर रानात तंबूत ठेवले. विजेचा दिवा नाही, बॅटरीही नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. आठवड्यात त्यांचे आतले घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले. तेव्हा वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मुलाचे वय बदलणे आपल्या हाती नाही, पण त्याच्या भोवतीचा उजेड आपल्या हाती आहे. रात्री जेवणे झाली की मोठा दिवा बंद करून छोटा लावा. मोबाईल घरात सगळ्यांचेच एका जागी, देवळीत किंवा फळीवर, ठेवून द्या. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचासुद्धा. बाप पडदा सरकवत बसला आहे आणि मुलाला सांगतो आहे झोप, हे चालायचे नाही. रात्री आठनंतरचा चहाही बंद. चहाचा अंमल रक्तात पाच-सहा तासांनीसुद्धा सुमारे अर्धा राहतो.

सकाळी मात्र उलटे करायचे. उठल्यावर मुलाला उन्हात येऊ द्या. शाळेत परिपाठ वर्गात न घेता पटांगणात, पूर्वेकडे तोंड करून घेतलात, तर प्रार्थनेबरोबर मुलांचे घड्याळही लागते. रविवारी बारापर्यंत लोळण्याची सवय मोडावी. तासभर जास्त झोपले तर हरकत नाही. त्याहून जास्त झोपला तर सोमवारी पुन्हा पहिले पाढे.

रात्रीचा अभ्यास की पहाटेचा, हा जुना वाद. नऊला निजून साडेपाचला उठणारा मुलगा साडेआठ तास झोपतो. त्याला पहाटेचा अभ्यास खुशाल करू द्या. अकराला निजून चारला उठणारा मुलगा फक्त पुस्तकापुढे बसलेला असतो. दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसण्याचे काम झोपेतच होते. तीच कापून वाचत बसणे म्हणजे बियाणे दळून भाकरी करण्यासारखे आहे.

पण श्रोतेहो, सगळा दोष दिव्याला आणि मोबाईलला देऊन मला मोकळे व्हायचे नाही. शेतकरी बंधूंना एक गोष्ट माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, आणि एका आठवड्यात ती रात्रीची असते. मग रात्री बाराला मोटर सुरू करायची, दारे धरायची, थंडीत चिखलात उभे राहायचे. सोबतीला कोण? घरातला नववी-दहावीचा मुलगा. सापाकिरड्याची भीती, बिबट्याची भीती, एकट्या माणसाला पाठवायचे कसे? हा मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात झोपला तर त्याला बाकावर उभे करणार का? दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून राज्यात सौर कृषी वाहिनीची योजना आहे. जिथे ती पोचली तिथे बापाबरोबर मुलाचीही रात्र सुटली. शेतीच्या योजनांची चर्चा करताना हा फायदा कुणी मोजत नाही. आपण मोजावा.

आणि घरातली मुलगी. तिचे घड्याळ भावाच्या आधी सरकते, हे मघाशी सांगितले. तरी घरात सर्वांच्या आधी उठते ती, पाण्यासाठी आणि भाकऱ्यांसाठी. रात्री भांडी आवरून सर्वांच्या मागून अंगही टेकते तीच. ती कधी डुलताना दिसत नाही, म्हणून तिला झोप पुरते असे समजू नका. मुलगा उशिरा उठला तर आळशी ठरतो. मुलीला तेवढेही ठरायला सवड नसते. आई, अर्धे काम भावाकडे द्या. त्याला उठवायला याहून चांगला गजर मिळायचा नाही.

झोपेचे तास मोजावे तसा तिचा कसही पाहावा. चेन्नईत गरीब कामकऱ्यांवर झालेला एक मोठा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. रात्री ही माणसे अंथरुणात आठ तास असत, पण झोप लागे साडेपाच तास, तीही तुटक. रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढवून त्यांच्या कामात फरक पडला नाही; दुपारची अर्ध्या तासाची डुलकी दिली तर काम सुधारले आणि मनही हलके झाले. तेव्हा घरी मुलाला मच्छरदाणी द्या, वारा लागेल अशा जागी अंथरूण घाला. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावू नये, असा २००० सालापासून नियम आहे; लग्नसराईत आणि उत्सवात ग्रामपंचायतीने त्याची आठवण ठेवावी. शाळेतून आलेल्या मुलाला दुपारी वीस-पंचवीस मिनिटे आडवे होऊ द्या. संध्याकाळी झोपू देऊ नका, नाहीतर रात्र पुन्हा पुढे ढकलली जाते. आणि पुरेसे तास झोपूनही मूल दिवसभर पेंगत असेल, मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर रागावण्यात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. टॉन्सिल वाढलेले असतील, रक्त कमी असेल; त्याला औषध आहे.

गुरुजी आणि बाई, घंटेची वेळ नेहमीच तुमच्या हाती नसते, याची मला कल्पना आहे. पण पहिल्या तासाला गणिताची चाचणी ठेवायची की वाचन-कवायत, हे वेळापत्रक तुम्हीच आखता. दहावीचा जादा तास सकाळी सातऐवजी शाळा सुटल्यावर घेता येतो. परत जायला गाडी असेल तर.

आणि गाडीचेच आता सांगतो. आठवीच्या पुढच्या प्रत्येक मुलाला एक कागद द्या. त्यावर तीन रकाने: रात्री किती वाजता झोपलो, सकाळी किती वाजता उठलो, आणि कशासाठी उठलो. सात दिवस भरून घ्या. रागावू नका, म्हणजे खरे लिहितील. मग पालकसभेत हे कागद मोठ्याने वाचून दाखवा. तिसऱ्या रकान्यात 'गाडी' हा शब्द वीस-पंचवीस मुलांनी लिहिलेला निघाला, तर तेच कागद जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करा. अर्जावर सरपंचांची आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. गाडीची आजची वेळ, शाळेची घंटा, रस्त्याला लागणारा वेळ आणि पासधारक मुलांची संख्या नीट लिहा. मुलगी किती, मुलगे किती, तेही लिहा. गाड्यांची वेळापत्रके उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर हलवणे सोपे जाते, म्हणून अर्ज एप्रिलच्या आत पोचवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.